रुपालीची दीर्घिका आणि बयाबाईचा भंडारा

लेकराचा अभिमान कोणत्या आईला नसतो? पण बयाबाई शेंडगेचा अभिमान असा, की तो वडगाव रासाईच्या पिठाच्या गिरणीत सुरू व्हावा आणि भीमेपलीकडं दौंड तालुक्यात ऐकू जावा. दळण घेऊन आलेल्या बायका तिला बघितलं की डबा ठेवून "मागनं येते गं" म्हणून सटकायच्या. ज्यांना सटकता यायचं नाही त्यांना ऐकावंच लागायचं. "आमची रुपी..." इथून तिची गाडी सुटली, की दळण संपलं तरी थांबायची नाही.

आता रुपी होतीच तशी, हेही खरं. शेंडग्यांच्या घरात तिच्या आज्यापर्यंत सगळे मेंढरांमागं फिरलेले. नदीवरून पाइपलाइन आली, ऊस आला, मेंढरं गेली. पण शाळा सोडून पुढं शिकायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. रुपाली दहावी झाली तशी बयाबाईनं तिला दौंडला आपल्या भावाकडं, ज्ञानदेवकडं, नेऊन ठेवली. ज्ञानदेव रेल्वेत पॉइंट्समन. रेल्वे कॉलनीतल्या त्याच्या दोन खोल्यांत, गाड्यांच्या खडखडाटात पोरगी बी.एस्सी. झाली. मग पुण्याला एम.एस्सी., आणि मग तिथल्याच एका मोठ्या संस्थेत संशोधन. मध्ये एकदा बयाबाईच्या नवऱ्यानं, म्हस्कूनं, पोरीच्या लग्नाचा विषय काढला होता. बयाबाईनं त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की त्यानं तो पुन्हा काढला नाही.

रुपाली नेमकं काय शिकते, हे बयाबाईनं तिच्याकडून इतक्यांदा वदवून घेतलं होतं की आता ते तिला तोंडपाठ होतं. आपली जशी आकाशगंगा, तशा आभाळात कितीतरी. त्यांना म्हणायचं दीर्घिका. काहींच्या पोटात एक थोरलं कृष्णविवर असतं. ते खायला लागलं की दोन अंगांना दोन झोत सुटतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण त्यांच्यातून रेडिओच्या लहरी येतात, आणि तिकडं खोडदच्या माळावर ज्या मोठमोठ्या थाळ्या उभ्या केल्यात त्या या लहरी टिपतात. जुने झोत लांबवर पसरलेले असतात. रुपालीला नाद होता तो आपल्या त्यातल्या त्यात जवळच्या, आणि झोत नुकतेच फुटलेल्या, अजून आखूड असलेल्या दीर्घिकांचा. बी रुजल्यावर दोन पानं वर येतात, तसे ते दोन झोत. दोन टोकं एकमेकांपासून किती वेगानं लांब चाललीत हे मोजायचं आणि उलटा हिशेब करून वय काढायचं.

अशा एका दीर्घिकेच्या झोतांचं वय रुपालीनं काढलं, ते निघालं जेमतेम चारशे वर्षं. आभाळाच्या हिशेबात म्हणजे अजून नाळसुद्धा पडलेली नाही. पुण्यातल्या जाणत्या माणसांनी तिची पाठ थोपटली, मोठ्या संमेलनात तिचं भाषण ठरलं. इकडं शिरूरच्या एका साप्ताहिकानं छापलं, "वडगाव रासाईच्या कन्येने शोधली शिवकाळात जन्मलेली आकाशगंगा!" रुपालीनं कपाळावर हात मारून घेतला. आकाशगंगा नव्हे, तिच्यातले झोत, असं तिनं सांगून बघितलं. ऐकतंय कोण? म्हस्कूनं कात्रणाला काच बसवून ते देवांच्या तसबिरींशेजारी टांगलं, आणि बयाबाई गिरणीत रोज दळण घेऊन जायला लागली.

हे दोन हजार एकचं साल. पौषातल्या अवसेला बिरोबाच्या देवळात नेहमीसारखी भावकी जमली होती. म्हस्कूची धाकटी बहीण साळूबाई इनामगावला दिलेली, तीही आली होती. इनामगाव म्हणजे जिथं साहेबलोकांनी पांढरीचं टेकाड उकरून हजारो वर्षांमागची घरं काढली ते गाव. साळूबाई तरुणपणी त्या खोदकामावर रोजानं जायची. तेव्हापासून विद्वानांची परीक्षा घ्यायचा आपल्याला हक्क आहे, असं तिचं स्वतःचं मत होतं.

"वहिनी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्याकडं सायबांनी जमिनीतनं काढून दावलं बरं का. रांजण दावलं, चुली दावल्या, मानसांची हाडं दावली. तुमच्या रुपीनं काय दावलं?"

"डोळ्यांनी दिसत न्हाई ते, वन्सं."

"मग झालंच की! दिसत न्हाई त्येचं वय सांगाया काय लागतंय? चारशे सांगा न्हाईतर चार हजार."

बायका फिदीफिदी हसल्या. बयाबाईला स्वतःला हसलेलं चालत होतं, रुपीला नाही. तिच्या अंगाची लाही लाही झाली. ती तरातरा गाभाऱ्यापाशी गेली, ताटातला बेल आणि हळदीचा भंडारा मुठीत उचलला आणि भावकीकडं तोंड करून म्हणाली, "बिरोबाच्या पायाशी सांगते. माझ्या रुपीनं शोधलं ते आभाळातलं ताजं बेनं हाय. त्येच्या आधी तिथं काय बी फुटलेलं नव्हतं. खोटं आसंल तर द्येव मला बघून घेईल."

शेंडग्यांत भंडारा उचलणं हा पोरखेळ नव्हता. बांधाची भांडणं, चोरीचे आळ, सोयरिकीतले रुसवेफुगवे एका चिमटीत मिटायचे, कारण भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नसे. पुजारी कोंडिबा आबा हळूच म्हणाले, "बये, ज्या कामात आपला हात न्हाई त्येच्यावर कशाला उचलायचा?" पण उचलला तो उचलला. साळूबाईचं तोंड बंद झालं, आणि बयाबाई त्या दिवशी ताठ मानेनं घरी आली.

पंधरवडाही झाला नसेल, रुपाली अवचित घरी आली. पिशवी ओट्यावर टाकून सरळ रानात, आई पाचट ओढत होती तिथं येऊन बसली. तोंड सुकलेलं. बयाबाईला आधी वाटलं ताप आहे, मग वाटलं कुणी काही बोललं. खोदून खोदून विचारल्यावर पोरगी बोलायला लागली.

झालं होतं असं, की खोडदच्या थाळ्यांवर रुपालीनं त्याच दीर्घिकेकडं वेगळ्या, लांब लहरींवर पुन्हा बघितलं होतं. जुने, थंड पडत आलेले झोत त्या लहरींवर जास्त नीट दिसतात. आणि तिथं, त्या कोवळ्या जोडीच्या बाहेर पार लांबवर, दोन्ही अंगांना फिकट डाग होते. कुठल्या तरी जुन्या काळी ही दीर्घिका एकदा पेटली होती, झोत सोडून विझली होती, आणि आता पुन्हा पेटली होती.

बयाबाईनं हातातलं पाचट खाली टाकलं. त्या दोघी बसल्या होत्या तो तुकडाच खोडव्याचा होता. ऊस तोडल्यावर त्याच खोडातून पुन्हा फुटतो तो खोडवा. कोंब वरून तितकाच हिरवा, तितकाच कोवळा. पण बुडाशी माती उकरली की जुनं खोड हाताला लागतं.

"म्हंजी खोडवा निघाला म्हन की गं!" ती म्हणाली.

रुपाली आईकडं बघतच राहिली. "व्हय. खोडवाच. कोंबाचं वय बरोबर हाय, पन पैलीच फूट म्हनत होते ते चुकलं."

"कुनाला बोललीस?"

"आजून कुनालाच न्हाई."

"मग नगं बोलू," बयाबाई चटकन म्हणाली. आपण काय बोललो हे तिला कळलं, आणि तरी तिनं ते परत घेतलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं साळूबाई उभी होती. "तिथं कोन बघाया जातंय?"

"दडवायचं न्हाई गं. आजून एकदा बघते. डाग दुसऱ्याच कशाचे बी आसतील."

"किती येळा बघितलंस?"

रुपालीनं पाचटाची एक काडी मोडली. मग म्हणाली, "लई येळा." डाग दर वेळी तिथंच होते. पुढच्या महिन्यात संमेलन, त्यात सगळ्यात तरुण म्हणून हिच्याच नावावर भाषण, प्रबंधाचा सगळा डोलारा त्या एका दीर्घिकेवर. तीन वर्षांची मेहनत होती. तिच्या मार्गदर्शक मॅडमना सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. म्हणून अजून एकदा, अजून एकदा, असं तिचं चाललं होतं.

त्या दिवसापासून बयाबाईचं अन्नावरचं मन उडालं. गिरणीत जायची बंद झाली. दळण म्हस्कू न्यायला लागला आणि गिरणीतल्या बायकांना प्रश्न पडला की बयाबाई आजारी आहे की काय. देवळावरनं जायचं टाळून ती ओढ्यातनं रानात जायची. म्हशीनं दूध चोरलं, तर तिला वाटलं बिरोबानं सुरुवात केली. म्हस्कूनं समजूत घातली, "आगं, त्या दिरगिकंतलं देवाला काय कळतंय?"

"न्हाई कळत तर मग द्येव कशाला झाला?" बयाबाई त्याच्यावर खेकसली.

पण भीती एवढीच नव्हती. आपण बडबडी आहोत, फुशारक्या मारतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. लोक तिला तोंडाळ म्हणत, आगाऊ म्हणत. खोटारडी मात्र उभ्या जन्मात कुणी म्हणालं नव्हतं, आणि आता गावाला माहीत नसलं तरी तिला माहीत होतं की ती खोटारडी आहे. शिवाय पुण्याला न जाता घरातच राहिलेली रुपाली भाकरी चिवडत बसायची. आईलेकी समोरासमोर बसून एकमेकींना "खा की" म्हणायच्या आणि दोघींची ताटं तशीच उठायची. पोरीचं ते "अजून एकदा" बयाबाईच्या कानात बसलं होतं. एरवी पोरीवर चिडली असती; पण ती स्वतःही रोज सकाळी म्हणतच होती की, उद्या जाईन देवळात.

शेवटी एका सकाळी तिनं चांगलं लुगडं नेसलं आणि न्हावऱ्यावरनं वडापची जीप धरून ती इनामगावला गेली. भंडाऱ्याची रीत अशी, की ज्यांच्या देखत उचलला त्यांच्याच देखत उतरवायचा. साळूबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

"वन्सं, यत्या आवसेला देवळात या."

"का? आनखी येक शोधलं का काय रुपीनं?"

"या तर खरं," बयाबाई म्हणाली, चहालासुद्धा थांबली नाही. थांबली असती तर रडली असती, आणि साळूबाईपुढं रडणं तिला मरणाहून वाईट वाटलं असतं.

माघातल्या अवसेला देऊळ भरलं. रुपाली आईबरोबर आली होती. तिला वाटलं नेहमीसारखी पूजा. आरती झाली, ढोलवाल्यांनी ढोल आवळायला घेतले, आणि बयाबाई उठली.

"आबा, ताट धरा," ती कोंडिबांना म्हणाली. चिमूटभर भंडारा घेऊन तिनं कपाळ जमिनीला टेकवलं, आणि मग भावकीकडं वळली. "मागच्या आवसेला मी हितं शपथ घेतली. म्हनलं, रुपीचं ते ताजं बेनं हाय, त्येच्या आधी तिथं काय फुटलं नव्हतं. ते तसं न्हाई. निघाला खोडवा. कोंब नवा, खोड जुनं. रुपीनंच नीट उकरून बघितलं, तिचं तिलाच घावलं. मी न कळत्या गोष्टीवर भंडारा उचलला, ती चूक माझी. आज सगळ्यांच्या देखत खाली ठेवते."

खोडवा म्हटल्यावर कुणाला समजावून सांगायची गरजच नव्हती. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग हशा पिकला. "आभाळात बी खोडवा घेत्यात व्हय?" एक पोरगा ओरडला. "मग पेपरात आलं ते?" दुसऱ्यानं विचारलं. बयाबाईचे कान तापले, पण मान खाली गेली नाही.

साळूबाई उठली. आता ही सगळं उट्टं काढणार, असं सगळ्यांनाच वाटलं. "हसताय काय?" ती म्हणाली. "आमच्या टेकाडावर बी तसंच. वरचं घर बघून सायब येक वय म्हनायचे, खाली आनखी घर लागलं की वय वाढायचं. उकरतंय त्येलाच सापडतंय. वहिनी, बसा खाली."

घरी आल्यावर रुपालीचा भडका उडाला. "मला येका शब्दानं विचारलं न्हाईस! मी आजून मॅडमना सांगितलं न्हाई, आन् तू सगळ्या गावाला सांगून आलीस? हितनं पुण्याला बातमी जायाला किती येळ लागतोय?"

"मी माझी शपथ उतरवली," बयाबाई म्हणाली. "तुझं तू बघ. तू आजून येक साल बघत बसलीस तरी मी काय बोलायची न्हाई."

रुपालीनं दार आपटलं. सकाळी मात्र पिशवी भरून तयार झाली. भावाला भेटायचं निमित्त काढून बयाबाईही तिच्यामागं दौंडला गेली. स्टेशनाबाहेरच्या एस.टी.डी. बूथमध्ये रुपाली शिरली आणि बयाबाई काचेबाहेर ज्ञानदेवबरोबर उभी राहिली. पुण्याची पॅसेंजर फलाटाला लागली होती. आत पोरगी फोनवर बोलत होती, भराभर, आणि मग नुसतीच ऐकत होती. बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले होते.

"रागावल्या?" बयाबाईनं विचारलं.

"व्हय, पैलं. मग म्हनल्या, आधीच का न्हाई सांगितलंस? मग म्हनल्या, त्या डागांचा नकाशा घेऊन ये." रुपालीनं ओढणीनं तोंड पुसलं आणि गाडीकडं धावली.

सगळं काही गोड झालं असं नाही. संमेलनातलं भाषण मागं घ्यावं लागलं. पाठ थोपटणाऱ्यांतले काहीजण मागून कुजबुजले, की घाई नडली. प्रबंध लांबला. रुपालीनं आपल्या त्या सगळ्या छोट्या दीर्घिका पहिल्यापासून पुन्हा लांब लहरींवर बघितल्या, एकीएकीचं बूड उकरलं. काही खरोखरीच पहिल्या फुटीच्या निघाल्या, काही खोडव्याच्या निघाल्या, आणि मग प्रबंधाचा गाभा हाच झाला, की नुसता कोंब बघून पहिली फूट म्हणू नये. बयाबाई पुन्हा गिरणीत जायला लागली. फरक इतकाच, की आता ती "आमच्या रुपीचं पैलं चुकलं हुतं बरं का" इथून सुरू करायची, आणि बायका सटकेनात.

प्रबंधाची तोंडी परीक्षा पुण्याला झाली, दोन वर्षांनी. ती सगळ्यांसमोर होते आणि घरच्यांना बसता येतं, असं कळल्यावर बयाबाईला कोण अडवणार? म्हस्कू फेटा बांधून, ज्ञानदेव रजा टाकून, आणि साळूबाई कुणी न बोलावता, असे सगळे मागच्या रांगेत बसले. रुपाली तासभर इंग्रजीत बोलली. पडद्यावर चित्रं येत होती, जात होती. बयाबाईला एक अक्षर कळलं नाही, पण लेकीचा आवाज कुठं कापत नाही एवढं कळत होतं, आणि तिची छाती भरून आली होती.

मग बाहेरगावाहून आलेल्या एका पांढऱ्या केसांच्या परीक्षकांनी काहीतरी लांबलचक विचारलं. रुपालीनं उत्तर सुरू केलं, आणि त्या इंग्रजीच्या लोंढ्यात बयाबाईला एकदम "वडगाव रासाई" ऐकू आलं. मग "खोडवा". मग "माय मदर, बयाबाई". सगळी माणसं हसली आणि माना वळवून मागं बघायला लागली. आपलं काय चुकलं, आपण नीट बसलो नाही की काय, म्हणून तिनं पदर सावरला. तेवढ्यात ते पांढऱ्या केसांचे परीक्षक खुर्चीतून अर्धवट उठले आणि त्यांनी तिच्याकडं बघून हात जोडले.

परीक्षा संपली. पेढे वाटले. माणसं रुपालीला डॉक्टर, डॉक्टर म्हणत हात मिळवत होती. बयाबाईनं तिला कोपऱ्यात ओढलं.

"माझं नाव कशाला घेतलंस गं तिथं?"

"त्यांनी विचारलं, येवढा चांगला निकाल हातात आसताना तो आपल्या हातानं मोडायचं धाडस कसं झालं? मी म्हनलं, माझं न्हाई झालं. मी बघते बघते म्हनत ढकलत होते. माझ्या आईनं सगळ्या गावासमोर आधी आपला शब्द मोडला, मग मला घरात बसवंना."

बयाबाईचे डोळे भरून आले ते तिनं पुसले नाहीत.

"हे समदं इंग्रजीत सांगितलंस व्हय?"

"व्हय."

बयाबाईनं मान वळवून बघितलं. साळूबाई पेढ्याच्या ताटापाशी उभी होती, पाठमोरी.

"मग येकदा मराठीत सांग," ती म्हणाली. "वन्संला ऐकू जाईल आसं."

आणि डॉक्टर रुपाली म्हस्कू शेंडगे यांनी ते भरल्या सभागृहात, मराठीत, मोठ्यानं सांगितलं.